पर्ल हॉलचा उतरलेला पियानो

मिस ओझेला मॅबरीच्या घरात चारशे अकरा रेकॉर्ड्स आहेत आणि त्यांतली एकही स्टुडिओत केलेली नाही. सगळ्या भरल्या हॉलमधल्या. कुणी खोकतंय, कुणी शिट्टी मारतंय, कुणाच्या हातून ग्लास पडतोय, अशा. पंधरा-सोळा वाजवणाऱ्यांचा मोठा बँड हवा, समोर माणसं हवीत आणि ती माणसं ऐकू यायला हवीत. एवढं जुळलं की मग बँड कुणाचा का असेना. एकदा तिला वाढदिवसाला कुणीतरी स्टुडिओतली, फार नावाजलेली रेकॉर्ड दिली. तिनं ती दोन मिनिटं ऐकली, सुई उचलली आणि रेकॉर्ड कव्हरात घालून परत दिली. "वाजवलंय छान," म्हणाली, "पण कुणासाठी? भिंतींसाठी?"

ती रेकॉर्ड मी दिली होती. मी कॅल्व्हिन स्पीअर्स, कॅन्सस सिटीच्या बसवर एकतीस वर्षं चालक आणि बावीस वर्षं तिच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी. मला राग लवकर येतो, हे माझी बहीण सांगेल आणि मी बसमधून उतरवलेले निदान चाळीस प्रवासी सांगतील. त्या वाढदिवसालाही आला होता. पण मला सांगायचंय ते १९७९ सालच्या ऑक्टोबरातलं, आणि ते सांगायला लागलो की अजूनही मला खुर्चीत बसवत नाही!

शनिवारी दुपारी आमचा रेकॉर्ड्सचा क्लब भरतो. आम्ही आठ जण, त्यात बाई एकटी मिस ओझेला. प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची, कव्हर पिशवीत लपवायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकून ओळखायचं, ही आमची रीत. बँड कुठला, साल कुठलं, मधे उठून एकटा वाजवतोय तो कोण. यात थर्मन लाइलचा हात धरणारा कुणी नव्हता. थर्मन मांसाच्या कारखान्यात वीजतंत्री, वय पन्नास, अंगानं काटकुळा आणि बोलण्यात मास्तर. ट्रम्पेटवाला श्वास कुठे घेतो एवढ्यावरून तो नाव सांगायचा आणि वर आमच्याकडे असा बघायचा की त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटे.

मिस ओझेला वादकांची नावं सांगायच्या भानगडीत पडत नसे. ती हॉल सांगायची. "छत खाली आहे. नाचायची जमीन पाइनची, मेपलची नाही, आणि खाली पोकळी आहे. सेंट लुई. नदीकाठचा हॉल." पिशवीतून कव्हर काढून बघावं तर सेंट लुई! पहिल्यांदा आम्ही हसलो. मी तर सगळ्यांत मोठ्यानं. तिसऱ्या वेळेला मात्र माझं हसू घशातच राहिलं.

तिला हे येत होतं, कारण सतराव्या वर्षापासून ती असल्या हॉलमध्ये नाचलेली. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भांडी उचलून गुडघे गेले तेव्हा नाच सुटला, कान मात्र राहिले. आणि दुसरं कारण होझिया. होझिया मॅबरी, तिचा नवरा; मिस आम्ही तिला वयाच्या मानानं म्हणतो. टॅगर्ट नावाच्या माणसाच्या मोठ्या बँडमध्ये तो एकच हिवाळा होता, १९४० ते ४१, तिसऱ्या ट्रम्पेटवर. पहिला ट्रम्पेटवाला वरचे सूर फोडतो, दुसरा उठून एकटा वाजवतो आणि टाळ्या घेतो, तिसरा खालची ओळ भरत बसून राहतो. होझिया बसून राहणाऱ्यांतला. १९४३ साली छातीच्या दुखण्यानं तो गेला, तेव्हा वय एकतीस. मागे राहिले दोन फोटो. वाजवल्याचा आवाज कुठेच नाही, कारण टॅगर्टच्या ज्या काही रेकॉर्ड्स निघाल्या त्या होझिया बँड सोडून गेल्यानंतरच्या.

तेव्हा ती चारशे अकरा रेकॉर्ड्स कशासाठी धुंडाळत होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हॉलमधली एखादी जुनी, कुणी चोरून केलेली, कुणी रेडिओवरून उतरवलेली रेकॉर्ड कुठेतरी निघेल आणि त्यात होझिया असेल. पस्तीस वर्षं. ती बोलून दाखवत नव्हती आणि आम्हीही विचारत नव्हतो.

अशात सप्टेंबरात शहरातलं एक जुनं रेडिओ केंद्र पाडायला काढलं. थर्मननं तळघरातल्या कचऱ्यातून तीन तबकड्या उचलून आणल्या, जेवणाच्या ताटापेक्षा मोठ्या. त्या काळी हॉलमधला कार्यक्रम तारेवरून केंद्रावर यायचा आणि कधी कधी तिथे मऊ काळ्या थराच्या तबकडीवर जागच्या जागी कोरून ठेवायचे. वर पेन्सिलीनं एकच शब्द होता: टॅगर्ट.

थर्मन तेव्हा रस्त्यातून पळत आला होता. पळताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

थर इतका पिचलेला होता की एक-दोनदा सुई फिरली की खलास. म्हणून त्यानं एका बैठकीत सगळं टेपवर उतरवून घेतलं. क्लबानं ठरवलं, याची नीट रेकॉर्ड काढायची, पाचशे प्रती, आपल्या क्लबाच्या नावानं. टेप रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यात गेली आणि एका शुक्रवारी चाचणीची पहिली प्रत आली. सोमवारी सकाळी नऊला थर्मननं फोन करून "ठीक आहे" म्हणायचं आणि कव्हरावरचा मजकूर सांगायचा, की कारखाना कामाला लागणार.

मजकूर थर्मननं आधीच टाइप केला होता. "टॅगर्टचा बँड. शिकागो, १९४२. ट्रम्पेटवर रॉस्को डिलार्ड." डिलार्ड म्हणजे पुढे फार मोठा झालेला वादक. बेचाळीस साली तो शिकागोत टॅगर्टबरोबर काही महिने होता. आणि तिसऱ्या गाण्यात जो ट्रम्पेट उठतो तो असा, की ऐकताना मी हातातली पाई खाली ठेवली. मिस ओझेलाची रताळ्याची पाई मी सहसा खाली ठेवत नाही.

त्या शनिवारी थर्मनच्या बैठकीच्या खोलीत आम्ही ती चाचणीची प्रत पहिल्यांदा ऐकली. संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. मिस ओझेलानं मात्र बूट काढून पाय जमिनीला टेकवले होते आणि ती कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"काय झालं मिस ओझेला?" थर्मन म्हणाला. "हॉल ओळखा बघू."

"पर्ल," ती म्हणाली.

"कुठला पर्ल?"

"कुठला म्हणजे? आपला! व्हाइन स्ट्रीटवरचा! दाराकडून खुर्च्या सरकवल्या की असाच आवाज यायचा. मी त्या जमिनीवर चार वर्षं टाचा झिजवल्यात, थर्मन. पण यात काहीतरी चुकतंय. माणसं फार घाईत नाचतायत. या गाण्यावर एवढ्या घाईनं कुणी पाय टाकत नसे, पडले असते सगळे."

थर्मन हसला. "बघा, तुम्हीच सांगत असता, पर्लचा पियानो पाव सूर उतरलेला होता."

"होताच. लाकूड तडकलं होतं, तारा ताणल्या तर फ्रेम फुटेल म्हणून पियानो जुळवणाऱ्यानं सगळाच खाली आणून ठेवला होता. टॅगर्टची पोरं शिव्या घालायची. सगळ्या बँडला त्याच्यासाठी खाली यावं लागायचं."

"मग झालं तर! या रेकॉर्डमधला पियानो बरोबर सुरात आहे."

"सुरात आहे?" मिस ओझेला पुढे झुकली. "का तू आणलास?"

थर्मनचे कान लाल झाले. "थोडा चढवला," तो म्हणाला. "तबकडीवर सगळं खाली येत होतं. कोरणारं यंत्र जोरात फिरलं असलं की वाजवताना सूर उतरतो. नेहमीचं आहे. कुणीही शहाणा माणूस आधी ते दुरुस्त करतो."

"शहाणा माणूस!" मी म्हणालो. माझं डोकं तापायला लागलं होतं. "अरे, पियानोच खाली असला तर?"

"कशावरून? स्पीअर्स, बस चालवणं वेगळं."

मी उठलोच होतो. मिस ओझेलानं माझी बाही धरून मला खाली बसवलं. "भांडू नका. थर्मन, तू वीजवाला आहेस. यंत्र चुकलं का पियानो खाली होता, हे शोधायला काही मार्ग आहे का नाही? सोमवारी तू शिकागो छापणार. एकदा छापलं की पुढं शंभर वर्षं शिकागो."

आता थर्मनला श्रेय द्यायला हवं. तो माणूस हट्टी आहे, पण खोटा नाही. तो दोन मिनिटं छताकडे बघत राहिला, मग टाळी वाजवून ओरडला, "घरघर!"

त्यानं समजावलं ते असं. शहराच्या विजेला एक घरघर असते आणि तिचा सूर ठरलेला. चाळीस साली जो होता तोच आज. केंद्रावरच्या यंत्रांतून ती घरघर गाण्याच्या मागे तबकडीवर कोरली गेली असणार. गाणं चढवलं तेव्हा तीही चढली. आता आजच्या विजेवर घरघरणारं काहीतरी शेजारी ठेवायचं. दोन घरघरी एका सुरात आल्या तर आवाज सपाट राहतो, नाही आल्या तर हेलकावे घेतो. थर्मन बरोबर असेल, तर चाचणीची प्रत नेहमीच्या वेगानं लावून आवाज सपाट यायला हवा. मिस ओझेला बरोबर असेल, तर प्रत हळू करावी लागणार, आणि त्यानं जेवढी चढवली नेमकी तेवढीच.

"पण मोठ्यानं घरघरणारं काही पाहिजे," तो म्हणाला. "माझा फ्रिज नवा आहे. आवाजच करत नाही."

सगळ्यांनी मिस ओझेलाकडे पाहिलं. तिचा फ्रिज अठरा वर्षं माझ्या डोक्यावर घरघरतोय. आमच्या अर्ध्या गल्लीला तो ठाऊक आहे.

मग काय विचारता! आठ माणसांची वरात निघाली. एकाच्या डोक्यावर स्पीकर, दुसऱ्याच्या हातात अँप्लिफायर, थर्मननं रेकॉर्ड प्लेअर तान्ह्या मुलासारखा पोटाशी धरलेला, आणि पुढे मिस ओझेला, गुडघ्यांची तक्रार विसरून. दोन गल्ल्या ओलांडून, जिने चढून आम्ही तिच्या स्वयंपाकघरात शिरलो. टेबल ओढून फ्रिजला लावलं. स्पीकर त्याच्या दाराला टेकवला. थर्मननं खिशातून त्याची वही काढली आणि सगळ्यांना दाखवली. लिहिलं होतं: टॅगर्ट, तिन्ही तबकड्या, तीन टक्के चढवल्या.

दुसरं गाणं संपतं आणि निवेदक बोलायला लागतो त्याच्यामधे पाच-सहा सेकंद नुसती शांतता आहे. थर्मननं सुई तिथे ठेवली आणि आवाज पूर्ण वाढवला. स्पीकरमधून मंद घरघर आली. फ्रिजची घरघर तिला भेटली आणि सबंध स्वयंपाकघरात आवाज हेलकावायला लागला. ओट्यावरचे चमचे किणकिणले.

"जुळत नाही," थर्मन हळूच म्हणाला.

"हळू कर," मिस ओझेला म्हणाली.

प्लेअरला वेग कमी-जास्त करायचा खटका होता, एकेका टक्क्याचे आकडे लिहिलेला. थर्मननं सुई परत मागे घेतली आणि एकावर आणलं. हेलकावे सावकाश झाले. दोन. आणखी सावकाश, झोपाळा थांबायला आल्यासारखे. आम्ही आठही जण फ्रिजला कान लावून उभे होतो. कुणी त्या वेळी दारातून पाहिलं असतं तर वेड्यांचं इस्पितळच समजलं असतं. थर्मननं खटका तीनवर आणला.

आवाज सपाट झाला. एकदम, जागच्या जागी.

"तीन!" मी ओरडलो. "अरे तीन! वही बघ! तीन!"

थर्मन वहीकडे बघत राहिला. मग त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, "यंत्र बरोबर होतं. पियानो खाली होता. मिस ओझेला, मी गाढव आहे."

"आहेसच. पण कामाचं आहेस," ती म्हणाली आणि त्याला अशी मिठी मारली की तो कळवळला.

पर्ल हॉल! आपल्या गावचा, आता पार्किंग झालेला पर्ल हॉल! टॅगर्ट पर्लमध्ये एकच हिवाळा वाजवत होता, चाळीस-एकेचाळीसचा. म्हणजे डिलार्डचा प्रश्नच मिटला, तो तर बँडमध्ये आला बेचाळीस साली. पहिल्या ट्रम्पेटवर गेन्स होता, तो एकट्यानं वाजवायला कधी उठत नसे. उरले दोघे. दुसरा बुकर टॉलिव्हर आणि तिसरा होझिया मॅबरी. हे ज्याच्या-ज्याच्या डोक्यात शिरलं तो-तो मिस ओझेलाकडे बघायला लागला.

ती खुर्चीवर बसली. "लाव," म्हणाली. "तीनवरच ठेव."

खऱ्या वेगानं ते गाणं दुसरंच झालं. घाई गेली. नाचणारी माणसं ऐसपैस पाय टाकायला लागली. मग ट्रम्पेट उठला, आधीपेक्षा जाड आणि गडद, आणि जे काही वाजवलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. शेवटाच्या जरा आधी गर्दी एकदम उसळली, बायका किंचाळल्या, आणि शेवटची ओळ त्या आरड्याओरड्यातून वर निघून गेली.

"पुन्हा," मिस ओझेला म्हणाली. पुन्हा लावलं. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला तिनं डोळे मिटले. थर्मन टाइप केलेल्या कागदावर डिलार्डचं नाव खोडून वर होझिया मॅबरी लिहूनही मोकळा झाला होता.

गाणं संपलं. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "टॉलिव्हर आहे."

"काय?"

"त्या मेल्या बुकर टॉलिव्हरनं वाजवलंय. तो सूर असा खालून ओढत आणतो, तो त्याचाच. पर्लमध्ये शंभरदा ऐकलाय. खोड ते, थर्मन."

बुकर टॉलिव्हरचं नाव तिनं इतक्या वर्षांत माझ्यासमोर दोनदा घेतलं असेल, दोन्ही वेळा दात खाऊन. होझियाच्या बँडमधला, रोजचा सोबती, आणि होझियाच्या दफनाला आला नाही. दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. ती हे कधीही विसरली नव्हती.

"मिस ओझेला," थर्मन म्हणाला, फार मायेनं, "कोण सांगणार आहे? दोघं शेजारी बसायचे. मलासुद्धा छातीठोक सांगता येणार नाही. होझियाचं नाव राहू दे. तुमचा हक्क आहे."

ती उठली. अशी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि राग हा माझा प्रांत. "माझ्या नवऱ्याला दुसऱ्याचं उष्टं नको!" ती म्हणाली. "पस्तीस वर्षं मी त्याला शोधतेय ते कुणाच्याही अंगावर त्याचा कोट घालायला नाही. टॉलिव्हरनं वाजवलं, टॉलिव्हरचं नाव लिही. होझिया तिथेच आहे, त्याच्या डाव्या हाताला, खालची ओळ भरतोय. मला एवढं पुरे."

सगळे गेल्यावर मी सामान आवरायला थांबलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. "शेवटी मला होझिया ऐकू आला, स्पीअर्स," ती म्हणाली. "तिन्ही वेळा. त्या शेवटच्या ओळीला. पण इतकी वर्षं एखाद्याला शोधत राहिलं की नळाच्या पाण्यातूनही तोच ऐकू येतो. त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. आणि ते लोक मधेच का ओरडले रे? अजून गाणं संपलं कुठे होतं?"

"तुम्ही नव्हता तिथे?" मी विचारलं.

"रेडिओचा कार्यक्रम गुरुवारचा. गुरुवारी मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला."

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं मला वर बोलावलं. वादकांच्या संघटनेतल्या कुणाकडून तरी तिनं टॉलिव्हरचा नंबर मिळवला होता. डेन्व्हरला होता, त्र्याहत्तर वर्षांचा. "नाव छापतोय त्याचं, तर त्याला सांगायला नको?" ती म्हणाली. रागानंच म्हणाली. फोनचा रिसीव्हर तिनं असा धरला की मलाही ऐकू यावं.

"बुकर? मी ओझेला मॅबरी."

पलीकडून म्हातारा आवाज आला. "होझियाची ओझेला?"

"त्याचीच. दफनाला आला नाहीस."

"सैन्यात होतो. पॅसिफिकमध्ये."

"पत्र टाकता आलं असतं."

"आलं असतं," तो म्हणाला. "नाही टाकलं. कारण काही नव्हतं, ओझेला. लाज होती."

ती थोडी नरमली, पण दाखवलं नाही. तिनं रेकॉर्डचं सगळं सांगितलं, पर्लचं, पियानोचं, फ्रिजचं. तो फ्रिजला हसला. मग ती म्हणाली, "ऐक आता," आणि रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. मी सुई ठेवली. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. आवाज बदलला होता.

पुन्हा लावलं. या वेळी गाणं संपल्यावर तो लगेच बोलला.

"ओझेला, शेवटची ओळ माझी नाही."

तिनं माझा दंड पकडला. बोटं रुतली.

"मला दम पुरला नाही," टॉलिव्हर म्हणाला. "फार वर गेलो होतो आणि परत यायला श्वासच नव्हता. ट्रम्पेट खाली आला माझा. संपलं म्हटलं, रेडिओवर, सगळ्या गावासमोर. तेवढ्यात होझिया खुर्चीतून उठला आणि जिथे माझा सूर तुटत होता तिथूनच त्यानं उचलला. लोक ओरडले ते त्याच्यासाठी. त्यांना दिसत होता ना तो. रेडिओवर ऐकणाऱ्यांना काय कळणार! त्यांनी महिनाभर माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. होझिया एका शब्दानं बोलला नाही. तुला सांगितलं असेल."

"नाही," मिस ओझेला म्हणाली. "शुक्रवारी सकाळी मी पाळीवरून आले तर तो अंडी तळत होता. म्हणाला, काल बरं झालं."

"बरं झालं!" टॉलिव्हर म्हणाला, आणि मग तो त्र्याहत्तर वर्षांचा माणूस फोनवर रडायला लागला. "लिही, ओझेला. त्याचं नाव लिही. माझं नसलं तरी चालेल."

"तुझंही लिहिणार," ती म्हणाली. "तू वाजवलंस तेवढं तुझं."

फोन ठेवून ती एकदम दोन्ही हात वर करून असं काही ओरडली की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली! "उठला होता! स्पीअर्स, तो उठला होता!" मला खुर्चीतून ओढून तिनं त्या गुडघ्यांवर मला स्वयंपाकघरभर फिरवलं. मी तिच्या पायावर दोनदा पाय दिला, तिला पत्ताही नव्हता. इतक्या आनंदात मी आयुष्यात फार थोड्या वेळा होतो.

सोमवारी थर्मननं कारखान्याला फोन केला, छपाई थांबवली आणि नवी टेप पाठवतो म्हणाला, न चढवलेली. कव्हराच्या मजकुराला तो जरा अडखळला. "असं कुठल्याच रेकॉर्डवर लिहीत नाहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग आपण लिहू." फेब्रुवारीत रेकॉर्ड आली. मागच्या बाजूला तिसऱ्या गाण्याखाली छापलंय: पर्ल हॉल, कॅन्सस सिटी. ट्रम्पेट: बुकर टॉलिव्हर. शेवटची ओळ: होझिया मॅबरी.

ती ओळ सात सेकंदांची आहे. मिस ओझेलाच्या प्रतीवर ती एवढ्यातच खरखरायला लागलीय, कारण रोज सकाळी कॉफी व्हायच्या आत ती तेवढीच तीनदा लावते. दुसऱ्या कुणी रेकॉर्डवर अशी सुई घासली असती तर तिनं त्याला क्लबातून हाकललं असतं. परवा जिन्यात भेटली तेव्हा थांबली आणि जराशी ओशाळून म्हणाली, "सकाळचं खाली ऐकू येतं का रे तुला? त्रास होत असेल."

खालच्या मजल्यावर नीट ऐकू येत नव्हतं, हीच माझी तक्रार होती. म्हटलं, "आवाज जरा वाढवा, मिस ओझेला."